सेनापतीच्या खुर्चीवर

"मेलेल्यांच्या पलंगावरच्या चादरी बघायला एवढ्या लांब यायचं, आणि आपल्या चादरी दोरीवर तशाच लोंबकळतायत," आई पुटपुटली. मागच्या सीटवर तिला चिकटून बसलेल्या थोरलीलाच काय ते ऐकू गेलं. थोरली गालात हसली. आईची कुरकुर सुरू झाली की समजावं, बाईसाहेब मजेत आहेत.

गाडी धाकटा चालवत होता. सहलीचं खूळही त्याचंच. एका दिवसात राज्याचा अख्खा इतिहास उरकायचा: आधी संग्रहालय, मग एका सेनापतीचं घर, शेवटी जुन्या सरहद्दीवरची लष्करी चौकी. धाकटा दातांचा डॉक्टर. जगाला तोंड उघडायला लावायचं हा त्याचा धंदा, पण घरात एका विषयावर त्याचं स्वतःचं तोंड कधी उघडलं नव्हतं. तो विषय म्हणजे दुकान.

बाबा खुर्च्या-सोफ्यांच्या गाद्या भरत. दुकानावर पाटी होती, ‘गादीवाले आणि चिरंजीव’. धाकटा पाळण्यात होता तेव्हा बाबांनी ती हौसेनं रंगवून घेतलेली. पुढे चिरंजीव दातांकडे वळले आणि बाबांच्या शेजारी थोरली येऊन बसली. स्प्रिंगा बांधू लागली, काथ्या भरू लागली, बारीक खिळे ओठांत धरून कापड ताणू लागली. पाटी मात्र चिरंजीवांचीच राहिली. ती पुसली तर पोराला लागेल, असं बाबांना वाटे. दुकान नको म्हटलं तर बाबांना लागेल, असं पोराला. आणि मागून घेणं थोरलीच्या रक्तात नव्हतं.

आता एका फर्निचरच्या कारखान्यानं तिला बोलावलं होतं. सोमवारी उत्तर द्यायचं होतं. तिनं घरात हे सांगितलं तेव्हा बाबा "बरं" म्हणाले, आई गॅस बंद केलाय का ते बघायला उठली, आणि धाकट्यानं फोनवर ठिकाणं शोधून सहल काढली.

संग्रहालयात आईनं तलवारींची दालनं पालथी घातली आणि शेवटी तिथल्या गाइडला गाठलं. "एवढी हत्यारं, पण भाजी चिरायला एक सुरी नाही. जेवत नव्हते का हो हे लोक?"

"जेवत असतील, मावशी. पण सुऱ्या बायकांकडे असायच्या. त्या कोण जपून ठेवणार?"

"तेच म्हणते मी," आई म्हणाली, आणि पुढचं दालन तिनं नाक वर करूनच पार केलं.

सेनापतीच्या घरात मात्र घोटाळा झाला. दिवाणखान्यात आडवी दोरी बांधलेली, पलीकडे खिडकीशी मखमली गाद्यांच्या दोन भारदस्त खुर्च्या. आता बाबांच्या दुकानाची रीत अशी, की खुर्ची आली की आधी बघायची नाही, आधी बसायचं. डोळे मिटायचे, अंगाचा भार एकदा डावीकडे टाकायचा, एकदा उजवीकडे. आजार तिथेच कळतो. बाबांनी दोरी उचलली, थोरली खालून वाकून गेली, मागोमाग बाबा, आणि दोघंही डोळे मिटून बसले. कुणी कुणाकडे बघितलंसुद्धा नाही. दोन्ही खुर्च्या एकदम कण्हल्या.

"डावीकडची स्प्रिंग गेली," बाबा म्हणाले.

"माझी पुढून खचलीय," थोरली म्हणाली.

"आणि मी इथे उभी आहे," पहारेकरीण म्हणाली. "उठा आजोबा. ताई, तुम्हीपण. कोण आहात कोण तुम्ही?"

"आमचं दुकान आहे," बाबा उठता उठता म्हणाले. त्या ‘आमचं’पाशी थोरलीचा जीव क्षणभर थबकला. पण बाबांची नजर दोरीच्या अलीकडे गेली. तिथे धाकटा हात मागे बांधून उभा होता. बाबा खोकले. "म्हणजे, आमचं सगळ्यांचंच."

पहारेकरणीनं चौघांना दारापर्यंत पोचवलं. आई वाटेत हसून हसून भिंत धरत होती. "लग्नात हे माझ्या माहेरच्या सोफ्यावरपण असेच डोळे मिटून बसले होते. माझा बाप म्हणाला, जावई झोपला."

चौकीवर पोचले तेव्हा ऊन कललं होतं. दगडी बराकी, वारा, आणि खाली नुसतं पसरलेलं माळरान. तिथला गाइड उत्साही गडी होता. तो म्हणाला, तह झाला आणि सरहद्द कधीच कितीतरी पुढे सरकली. पण इथली तुकडी तशीच पहारा देत राहिली, नसलेल्या सरहद्दीवर, वर्षानुवर्षं.

"म्हणजे त्यांना कुणी कळवलंच नाही?" आईनं विचारलं.

"ठाऊक होतं की सगळ्यांना. पण आधी बोलायचं कुणी? म्हणून रोज आपला पहारा."

गाइड पुढे गेला. बाबांना अचानक भिंतीच्या दगडांत फार रस वाटू लागला. आईनं पदराचं टोक उगीच सारखं केलं. थोरली माळरानाकडे बघत राहिली. सोमवारी ‘येते’ म्हणून कळवायचं, तिनं मनाशी ठरवत आणलं होतं.

"बाबा," धाकटा म्हणाला, "मघाशी मी दोरीच्या अलीकडे उभा होतो."

"मग? शहाणा आहेस म्हणून."

"शहाणा कसला. समोर खुर्ची होती आणि मला बसावंसं वाटलं नाही. कधीच वाटलं नाही. तुम्ही दोघं बसलात."

बाबांचे ओठ घट्ट मिटले, आत खिळे धरल्यासारखे. थोरलीला ते तोंड पाठ होतं. काम संपेपर्यंत त्यातून शब्द यायचा नाही. मग त्यांनी तिच्याकडे बघितलं. तिच्या मानेला अजून सेनापतीच्या मखमलीची लाल लव चिकटली होती. ती त्यांनी दोन बोटांनी उचलली, फुंकरीनं उडवली.

"सोमवारी त्या कारखान्याला सांग, यायला जमणार नाही," ते म्हणाले. "दुकान तुझं आहे."