ताई पुढे, फोकस मागे

भावजींची एक युक्ती आहे. परदेशात फिरताना कुणाचा चेहरा आवडला की ते ताईला त्या माणसाच्या थोडं पुढे, एका कडेला उभं करतात आणि मोठ्याने म्हणतात, "हस की जरा." बघणाऱ्याला वाटतं, नवरा बायकोचा फोटो काढतोय. प्रत्यक्षात फोकस मागे असतो. ताई पुसट होते आणि मागचा अनोळखी माणूस पापण्यांच्या केसांसकट स्पष्ट येतो. मग घरी आल्यावर ताईची बाजू कापून टाकायची, की झाला "सहज टिपलेला चेहरा".

मी भौतिकशास्त्र शिकले आहे, त्यामुळे लेन्सची ही लबाडी माझ्या लगेच लक्षात आली. ताईला ती लग्न झाल्यापासून ठाऊक होती. "तुझेही एकदोन फोटो येतातच की," असं ते म्हणायचे आणि ती मूग गिळून हसत उभी राहायची.

अशाच एका सहलीत, एका दुपारी, आम्ही तिघं आपले कपडे आपणच मशीनमध्ये धुवायच्या लाँड्रीत कपडे टाकून बसलो होतो. समोरच्या बाकावर एक वयस्कर बाई मशीनमधून काढलेले पुरुषाचे शर्ट घडी करत होती. एका शर्टाची कॉलर तिने बोटांनी सरळ केली, मग तो तोंडाशी धरला आणि तशीच राहिली. तिचे खांदे हलत होते.

भावजींनी डोळ्यानेच खूण केली. ताई उठली, उभी राहिली, हसली. त्या बाईला वाटलं, आपण मध्ये येतोय. डोळे पुसत, टोपली उचलून ती बाजूला व्हायला लागली. भावजींनी अगदी आदबीने हात हलवला, बसा, बसा. ती बसली. आपल्यामुळे कुणाची अडचण होऊ नये म्हणून उठणाऱ्या बाईला त्यांनी पुन्हा जागेवर बसवलं, आणि तिने पुन्हा शर्टात तोंड लपवल्यावर बटण दाबून धरलं.

बाहेर आल्यावर त्यांनी कॅमेरा आमच्यापुढे धरला. "माझ्या प्रदर्शनात दाराशीच हा लावणार. माणसाच्या उंचीएवढा."

ताई बघत राहिली. "पुसून टाक."

"काय?"

"रडतेय ती."

"म्हणून तर काढला."

"तिला विचारलंस?"

"विचारल्यावर कुणी असं रडेल का? दात काढून बसेल." मग माझ्याकडे वळून, "काय शास्त्रज्ञबाई, तुम्ही अणू फोडता तेव्हा त्याला विचारता का?"

"अणू शर्टात तोंड खुपसून रडत नाही, भावजी."

ताईने स्क्रीनच्या कडेवर बोट ठेवलं. "आणि हा डाग कसला?"

"तूच की ती. काळजी करू नकोस, कापणारच आहे."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. लहान मुलाचा सदरा काढावा तसा ताईने भावजींच्या गळ्यातला कॅमेऱ्याचा पट्टा डोक्यावरून काढला आणि कॅमेरा घेऊन आत गेली. मी मागोमाग.

"परक्या गावात तमाशा नको," भावजी दारातून म्हणाले.

ताईने फोटो त्या बाईसमोर धरला. आधी तिला काही कळेना. मग कळलं, आणि तिचा चेहरा कानांपर्यंत लाल झाला. मी फोनवरचं भाषांतर सुरू करून तिच्यापुढे धरलं. ती फोनकडे बघत बोलली. फोनने ते गोड, सपाट आवाजात मराठीत सांगितलं.

"माझा नवरा गेला. त्याचे कपडे वाटून टाकण्यासाठी धुतले. तुमचा फोटो बिघडू नये म्हणून मी उठत होते."

मग तिने ताईकडे बोट केलं.

"तू हसत होतीस."

ताईने मान हलवली. हो.

भावजी आत आले. "तिला सांग, प्रदर्शन मोठं आहे. खाली तिचं नाव देऊ."

बाईने माझ्याकडे पाहिलं. मी ते वाक्य जसंच्या तसं फोनमध्ये बोलले. ऐकून तिने एकच प्रश्न विचारला.

"त्याला माझं नाव माहीत आहे?"

भावजी चपला बघायला लागले.

"पुसा," फोन म्हणाला.

बटण दाबून धरल्यामुळे एकसारख्या फोटोंची रांगच निघाली. ताई एकेक पुसत गेली. प्रत्येक वेळी कॅमेरा विचारायचा, नक्की? प्रत्येक वेळी ती आधी बाईला दाखवायची, मग पुसायची. भावजींचा हात दोनदा पुढे आला. दोन्ही वेळा मी मध्ये उभी राहिले.

शेवटचा गेल्यावर बाईने टोपली उचलली आणि लांबच्या बाकावर आमच्याकडे पाठ करून बसली. ताई जरा वेळ तिथेच थांबली. त्या बाईने वळून पाहावं असं ताईला वाटत होतं, हे मला दिसत होतं. तिने पाहिलं नाही.

आमचे धुतलेले कपडे घेऊन रस्त्यावर आल्यावर भावजींना कंठ फुटला. "असा फोटो पुन्हा मिळत नाही. आणि त्या बाईने साधे आभारसुद्धा मानले नाहीत."

"कशाबद्दल मानायचे होते?" ताईने विचारलं.

"तुला कलेतलं..."

"कशाबद्दल, ते सांग आधी."

ते भरभर चालायला लागले. ताईने त्यांना गाठलं आणि त्यांच्या बरोबरीने चालत, आवाज न चढवता, तेच पुन्हा विचारलं.