डेल्मामावशी गप्प का बसते?

बोलायचं काम माणसांचं, ऐकायचं माझं. आज मात्र उलटं होऊ द्या. मी एक रेकॉर्डर. माझा पहिला मालक वार्ताहर होता. तो मला पुढाऱ्यांच्या तोंडासमोर धरायचा, आणि तिथे माझे कान पार किटले. पुढे त्याने चांगला फोन घेतला आणि मी खणात धूळ खात पडलो. तिथून त्याच्या भाचीने, नाइरने, मला उचललं.

नाइर एमएला आहे. लोक काय बोलतात यापेक्षा कसं बोलतात, कुठे अडतात, कोण कुणाचं बोलणं तोडतं, हे शोधणं हा तिचा अभ्यास. आपल्या डेल्मामावशीच्या विणकर मंडळाची बैठक तिने माझ्यात भरून घेतली. मग फेब्रुवारीत, म्हणजे आमच्या दक्षिण गोलार्धातल्या ऐन उन्हाळ्यात, रणरणत्या उन्हात आम्ही दोघं पाइसांदू शहरातल्या उन्हाळी शाळेत दाखल झालो. शेवटच्या दिवशी तिथे शिकवणाऱ्या झुल्माबाईंनी प्रबंधाचा विषय मान्य केला तर ठीक, नाहीतर नाइरचं वर्ष वाया.

बैठक ऐकून लिहून काढताना नाइर हरखली. अध्यक्षीण काही विचारायची, की मावशी गप्प. पुन्हा विचारलं, पुन्हा गप्प.

"बाई, मावशीचा आवाज दाबला जातोय," तिने वर्गात सांगून टाकलं.

वर्ग म्हणजे गोल मांडलेल्या खुर्च्या, थर्मास आणि हातोहात फिरणारा 'माते' नावाच्या पेयाचा भोपळा. वाळक्या भोपळ्यात कडू पाला, वर गरम पाणी; नळीने ओढून संपवायचं आणि परत द्यायचं. अंगाची लाही होत असली तरी या मंडळींचं ते चुकत नाही.

"ही भीती आहे," वर्गातला यामांदू म्हणाला.

"भीती कसली? बंड आहे," शेजारची मिर्ता म्हणाली.

"तुला काय, काल जेवणातल्या सूपमध्येसुद्धा बंड दिसत होतं."

मी मनातल्या मनात कपाळावर हात मारला. अरे, त्या शांततेच्या शेवटी सुर्रर्र वाजतंय, ते ऐका की. पण जन्मापासून तोच आवाज कानांवर पडलेल्यांना तो ऐकूच येईना. मला पोरीची फार दया आली.

सवयीने तिने तो वर्गही माझ्यात भरून घेतला होता. दुसऱ्या दिवशी सरावासाठी ती तो लिहायला बसली. यामांदूने विचारलं, "बाई, तुम्हाला काय वाटतं?" बाई गप्प. मिर्ताने विचारलं, बाई गप्प. नाइरने लिहिलं, 'बाईंचा आवाज दाबला जातोय', आणि तिची पेन्सिल थबकली. झुल्माबाईंचा आवाज दाबणारा अजून जन्माला यायचा होता. तिने तो तुकडा पुन्हा लावला. सुर्रर्र. मग घाईघाईने मावशीची बैठक लावली. तिथेही तेच.

शेवटच्या दिवशी ती मला मुठीत घेऊन उभी राहिली. "बाई, माझा सिद्धान्त बुडाला. मावशी माते पीत होती."

वर्ग खो खो हसला.

"हसा. पण आपण एवढे जण ऐकत होतो आणि कुणालाच ते ऐकू आलं नाही. का, त्यावर मला लिहायचंय. मान्य आहे का, बाई?"

बाई गप्प.

"गेलं तुझं वर्ष," यामांदू कुजबुजला.

"थांब रे," नाइर म्हणाली. "भोपळा कुणाच्या हातात आहे ते बघ."

सुर्रर्र झालं. बाईंनी तोंड पुसलं. "मान्य."

आता मी थकलोय, बॅटरीही फारशी टिकत नाही. जाता जाता एवढंच मागणं आहे: कुणी गप्प बसलं, तर लगेच त्याच्यावर प्रबंध लिहू नका. आधी त्याला घोट गिळू द्या.