आईच्या बोलण्याचे कॉलम

"दादा, तुमची लायब्ररी माझ्या आईच्या बोलण्याचे कॉलम काहून करून राहिली?"

असं इंटरनेटवर सगळ्यांसमोर विचारून दाखव, म्हणून माझ्या मैत्रिणी रितिका आणि नूपुर माझ्या मागे लागल्या होत्या. लायब्ररी म्हणजे पुस्तकांची नाही हं, दुसऱ्यांनी वापरावा म्हणून कोणी लिहून ठेवलेला कोड. त्याच्या पानावर लिहिणाऱ्याचं नाव होतं जागेश्वर, गाव रामटेक. मग मराठीतच विचारलं.

त्याचं असं झालं. दहावी संपली होती. अकरावीला बायो घ्यायचं, पुढे डॉक्टर व्हायचं, हे घरात, त्यातही आईच्या मनात, ठरलेलंच होतं. मी नाही म्हणत नव्हते, कारण दुसरं काय हवंय ते मलाच सांगता येत नव्हतं. सुट्टीत हुडकेश्वरच्या घरी बसून आईच्या साड्यांसाठी एक अ‍ॅप करू म्हटलं. आई समोरच्या खोलीत हातमागाच्या साड्या विकते. तिच्या मालाची यादी पंकजमामानं डेटाबेसमध्ये बसवून दिलीय. टेबलमध्ये कोणते कॉलम, कशात आकडे, कशात अक्षरं, हे आधी लिहून द्यावं लागतं. मामा ते लिहीत होता तेव्हा आई शेजारी बसून बोलत होती, आणि मामानं तिचं बोलणं जसंच्या तसं प्रत्येक कॉलमच्या टिपेत घातलं.

जागेश्वरदादांची लायब्ररी हे लिखाण वाचून कॉलम ओळखते. 'दोष' या कॉलमची टीप होती, 'सूत तुटलं असेल तर सांगा, गिऱ्हाइकापासून लपवू नका'. स्वल्पविराम दिसला की लायब्ररीला वाटलं, इथे नवा कॉलम. अ‍ॅपमध्ये 'गिऱ्हाइकापासून लपवू नका' नावाचा रिकामा चौकोन आला. आईनं चष्मा लावून वाचला आणि म्हणाली, बरोबरच तर लिहिलंय.

दादांचं उत्तर आलं. टिपेत कोणी एवढं बोलतं हे त्यांना माहीतच नव्हतं. "तूच दुरुस्त करून पाठव ना वं," त्यांनी लिहिलं.

त्यांचा कोड आधी नुसता वाचत बसले. मग टिपेच्या अवतरणचिन्हांच्या आतला स्वल्पविराम मोजायचा नाही, असं लिहून पाठवलं. माझ्या हुशारीत 'किंमत'चे मात्र दोन तुकडे झाले, कारण किती आकडे ते सांगणाऱ्या तिच्या कंसातही स्वल्पविराम होता, आणि तो सांभाळणारी दादांची ओळ मी पुसली होती. दादांनी शांतपणे एवढंच विचारलं, किंमत पाहिली का? मी जरा फुगून बसले. मग पुन्हा उघडून बसले, आणि जेवायला हाका मारमारून आई थकली.

काल ती दुरुस्ती त्यांनी लायब्ररीत घेतली. कुठल्या कुठल्या लोकांची टेबलं आता माझ्या ओळींतून वाचली जाणार. पुढच्या तक्रारीही तूच पाहशील का, असं त्यांनी विचारलंय. मी हो म्हटलं. इतकं पटकन हो मी कशालाच म्हटलेलं नाही.

आज जेवताना बाबा म्हणाले, उद्या ॲडमिशनला जायचं आहे. मी ताटावरून हात उचलला.

"बाबा, बायो नको. मी कॉम्प्युटर सायन्स घेणार आहे. आई, तुले राग आला तरी चालेल, पण मले हेच शिकायचं आहे."