तिसरा शेरा

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या त्या कंपनीचं ऑफिस तळमजल्यावर होतं, यातच काय ते आलं. तिथे दाराजवळच्या टेबलापाशी बसून कात्रीबाई गेली अकरा वर्षं लोकांची खर्चाची बिलं तपासत होत्या. कात्री हे अर्थातच लोकांनी ठेवलेलं नाव. कुणाच्या जेवणाला काट मार, कुणाच्या बसभाड्याला काट मार, हेच त्यांचं काम. लोक पाठीमागे बोटं मोडायचे, पण बिलं घेऊन मुकाट्याने त्यांच्यासमोर उभेही राहायचे. कारण बाईंनी काट मारली तर नुसते पदरचे पैसे जायचे. पण काट न मारता बिल तसंच वर गेलं आणि मुख्य कचेरीला त्यात नियमात न बसणारं काही सापडलं, तर शेरा पडायचा. तीन शेरे पडले की नोकरी गेली.

मिस्त्रींना दोन शेरे पडले होते. पहिला, पावती भिजून तिच्यावरची अक्षरं पुसली गेली म्हणून. दुसरा, स्वतःच्या चहात वॉचमनचा चहा धरला म्हणून. तीस वर्षं लिफ्टच्या उभ्या बोळात लोंबकळून काम केलेल्या माणसाची ही एवढीच पापं! निवृत्तीला चौदा महिने उरले होते.

त्या गुरुवारी त्यांनी बिलं टेबलावर ठेवली आणि बाईंचा हात एका पावतीवर थांबला.

“टॅक्सी? परवानगी कुठाय, मिस्त्री?”

“साहेबांनीच फोनवर सांगितलं, ताई. दम्याची म्हातारी अडकली होती लिफ्टमध्ये. म्हणाले, टॅक्सी कर, काय वाट्टेल ते कर, पण पोच.”

“लेखी काही?”

मिस्त्री हसले. “म्हातारी तिकडे गुदमरतेय आणि मी इकडे लेखी मागू? राहू द्या. मारा काट. सवय आहे आम्हाला.”

ते ‘सवय आहे’ बाईंना झोंबलं. अकरा वर्षांत त्यांनी कुणाची बाजू घेतली नव्हती. घ्यायचा प्रश्नच यायचा नाही, नियम समोर असायचा. पण आज काय झालं कोण जाणे, उचललेलं लाल पेन त्यांनी खाली ठेवलं.

“का म्हणून मारायची काट? जीव वाचवलात तुम्ही तिचा. साहेबांची सही मी आणते.”

“उद्या पाचपर्यंत गेलं पाहिजे हो ताई सगळं. उशिराचाही शेराच पडतो, आणि मला आता तिसरा परवडायचा नाही.”

“हे तुम्ही मला सांगताय?” बाई म्हणाल्या आणि बिलं त्यांनी स्वतःच्या ड्रॉवरमध्ये ठेवली. त्या दिवशी घरी जाताना त्यांना स्वतःचंच कौतुक वाटत होतं. खोटं कशाला सांगा, चांगलंच वाटत होतं.

शुक्रवारी सकाळी त्या साहेबांकडे गेल्या. “कुठली टॅक्सी?” साहेब म्हणाले. मग, “हां, ती होय. ठेवा, बघतो.” दुपारी गेल्या तर साहेब फोनवर होते; त्यांनी हातानेच ‘नंतर’ अशी खूण केली. चार वाजता गेल्या तर खुर्ची रिकामी. साहेब मीटिंगला गेले होते आणि फोन बंद होता.

साडेचारला बाईंनी हाय खाल्ली. टॅक्सीवर काट मारून बाकीचं पाठवून द्यावं म्हटलं, तर एकूण रक्कम बदलत होती, आणि रक्कम बदलली की बिलवाल्याची नवी सही लागायची. हा नियम खुद्द कात्रीबाईंनीच सुचवलेला. त्याबद्दल तेव्हा त्यांची पाठ थोपटली गेली होती. त्यांनी मिस्त्रींना फोन लावला. लागेना. पुन्हा लावला. मिस्त्री कुठल्या तरी इमारतीत लिफ्टच्या बोळात उतरलेले असणार, तिथे फोन लागतो कुठे!

मिस्त्रींची सही त्यांना डोळे मिटून करता आली असती. अकरा वर्षं बघत होत्या ती. शेपटी उजवीकडे, खाली दोन टिंबं. पावणेपाचला त्यांनी पेन हातात घेतलं, कागदावर टेकवलंही. खोटी सही करायला हात काही धजेना. घड्याळात पाच वाजले तेव्हा पेन तिथेच टेकलेलं होतं आणि कागदावर एक निळा ठिपका पडला होता.

सोमवारी साहेबांनी जाता जाता सही केली. त्याच पेनाने, उभ्या उभ्या, आणखी एका कागदावर केली: शुक्रवारी चार वाजताची त्यांची स्वतःची टॅक्सी. परवानगी विभागप्रमुखांची हवी आणि विभागप्रमुख तेच. बाईंनी तो कागद तीनदा वाचला. काट मारायला कुठे जागा मिळेल का, ते शोधलं. बिल नियमात चोख बसत होतं.

“साहेब, मिस्त्रींचा उशीर आपल्यामुळे झाला. तेवढं वर कळवाल का?”

“अहो, पण मी सहीला नाही कुठे म्हणालो होतो?” साहेब म्हणाले. त्यांना खरंच नवल वाटलेलं दिसत होतं.

पुढच्या आठवड्यात पत्र आलं. बिल मुदतीनंतर सादर केल्याबद्दल तिसरा शेरा.

मिस्त्री ओळखपत्र आणि हत्यारांची पिशवी जमा करायला आले. बाईंनी मान वर केली नाही. चार शिव्या हासडतील, टेबलावर हात आपटतील, निदान रडतील तरी, म्हणून त्या वाट बघत बसल्या. त्यांना ते हवंच होतं. मिस्त्रींनी पिशवीतला एकेक पाना काढून यादीशी जुळवला, सही केली. शेपटी उजवीकडे, खाली दोन टिंबं.

“ताई,” ते निघताना म्हणाले, “टॅक्सीचे पैसे जमा झाले बरं का. आणलीत तुम्ही सही. तीस वर्षांत माझ्यासाठी कुणी साहेबांच्या दारात उभं राहिलं नव्हतं.”

बाईंनी त्या वाक्यात टोमणा शोधला. टोमणा असता तर बरं वाटलं असतं. पण तो माणूस मनापासून आभार मानत होता.