तहानलेली चाकं

पडद्यावरची माणसं बोलायला लागून जेमतेम दोन-तीन वर्षं झाली होती. वायोमिंगच्या माळावर मात्र आमची नटी चार दिवस बोलत होती आणि घोडागाडीच्या खडखडाटात तिचा एक शब्द कळत नव्हता.

दिग्दर्शक हॅस्केल यांनी मला स्पष्टच सांगितलं, "टूमी, उद्या सकाळी शेवटचा प्रयत्न. नाही जमलं तर हा प्रवेश बिनआवाजाचा घेऊ, वर संगीत चढवू. तू आपला ध्वनिमुद्रणाचा ट्रक घेऊन शहरात परत जा."

मी भौतिकशास्त्राचा पदवीधर, वय तेवीस, आणि ध्वनिमुद्रणाची ही पहिलीच नोकरी. एका वेळी एकच गोष्ट बदलत होतो. आसाला वंगण लावलं, साखळ्यांना चिंध्या गुंडाळल्या, मायक्रोफोन पाण्याच्या पिंपात लपवला. साखळ्यांमुळे थोडा फरक पडला, बाकी खडखड तशीच.

त्याच गाडीत मागे गर्दीतली म्हणून बसवलेल्या लविना स्ट्राउड आजी माझी धडपड बघत होत्या. दहाव्या वर्षी त्या वसाहतीला निघालेल्या घोडागाड्यांच्या खऱ्या तांड्याबरोबर याच वाटेनं पश्चिमेला आल्या होत्या.

"कॉलेजात गाडी शिकवत नाहीत वाटतं?"

"नाही, आजी."

"दिसतंयच. चाकाला तहान लागलीय आणि तू त्याला जेवायला वाढतोयस. धाव बघ जरा."

चाकाभोवतीची लोखंडी धाव आणि लाकूड यांच्या फटीत माझं पोस्टकार्ड सहज आत गेलं. गाड्या समुद्रकाठच्या कारखान्यात बनलेल्या, इथली हवा कोरडी. लाकूड आटतं, लोखंड आटत नाही. मला हे पुस्तकातून ठाऊक होतं, फक्त चाकाकडे बघून आठवलं नव्हतं.

"बाबा संध्याकाळी चाकं काढून नदीत टाकायचे," आजी म्हणाल्या. "सकाळी घट्ट."

गाडीवाला ऑट क्रेब्स कुरकुरला. "आणि वाहून गेली तर? तुझी पदवी लावू का गाडीला?"

तरी सूर्य मावळायच्या आत चारही चाकं नदीच्या वळणात दगडांखाली बुडाली.

सकाळी पोस्टकार्ड आत जाईना. आऱ्यांवर हातोडी मारून पाहिली, काल पोकळ वाजत होते ते आज ठणठणीत वाजले. दुपारपर्यंत लाकूड पुन्हा आटणार होतं. मी ट्रकमध्ये जाऊन हेडफोन चढवला.

टापा, कातड्याची करकर, मातीवरून चाकांची मऊ घरघर. मग नटी म्हणाली, "अजून एक डोंगर, मग आपलं घर." अक्षर न् अक्षर स्वच्छ. आणि लगेच मागून दुसरा आवाज आला, "पाय आत घे गं. चाकात जाईल."

"आवाज?" हॅस्केलनी बाहेरून विचारलं.

आगंतुक शब्द आला की प्रवेश बाद, हा नियम. आजींचं बोलणं माझ्याशिवाय कुणी ऐकलं नव्हतं. फिल्म धुऊन कळायला आठवडा लागला असता.

"नटीचा स्वच्छ आहे," मी म्हणालो. "पण आजी मध्येच बोलल्या."

ते तडक गाडीपाशी गेले, मागोमाग मी. आजींच्या शेजारी पिठाची पोती होती, दुसरं कुणी नव्हतं.

"कुणाला म्हणालात?"

"तोंडातून गेलं," आजी ओशाळल्या. "चाकं अशी गपचूप चालायला लागली की आई दिवसभर हेच म्हणायची. आम्ही पाच भावंडं, पाय बाहेर सोडून बसायचो."

"मग?"

"मग काय, पाचही पोचलो."

हॅस्केल पोत्यांकडे बघत राहिले. "ही काढा. इथे एक मुलगी बसवा, पाय बाहेर सोडून. आजी, हेच म्हणायचं, असंच." मग माझ्याकडे वळले. "चाकं किती वेळ धरतील?"

"अकरापर्यंत. फार तर साडेअकरा."

"मग इथे काय उभा राहिलायस?"

साडेदहाला प्रवेश पुरा झाला. मी परत जायचा विषय कुणी पुन्हा काढला नाही. संध्याकाळी ऑट आपणहून ट्रकपाशी आला, बाह्या आधीच दुमडलेल्या.

"पदवीधर, आज किती बुडवायची?"

"सगळ्या गाड्यांची," मी म्हणालो आणि बूट काढायला लागलो.