चिठ्ठीत निघेल ती बाजू

साताऱ्यातल्या एका लॉ कॉलेजात प्राचार्यबाईंनी ग्रंथालय, वसतिगृह आणि शेवटी सरावाचं कोर्ट दाखवलं. "इथं चिठ्ठीत निघेल ती बाजू लढवावी लागते."

लेकीच्या प्रवेशासाठी आलेले वडूजचे निवृत्त सुभेदार नाथाजी थबकले. बांधावरून सख्ख्या भावाशी बारा वर्षं दावा चालू होता. तिला वकील करायचं ते त्यासाठीच.

"म्हंजे ही भावाच्या बाजूनंबी बोलनार? चल प्रियदर्शनी, घरी."

प्रवेशाचा आज शेवटचा दिवस होता. प्रियदर्शनी हलली नाही.

"आबा, पिंजऱ्यात उभं ऱ्हावा. बांध कुनी सरकवला?"

"तुज्या चुलत्यानं!"

"तवा चुलते कोयनेला कामावर हुते. मग नांगर कुनाचा हुता?"

सुभेदारांनी कठडा घट्ट धरला.

"मॅडम, फारम द्या," ते घाम पुसत म्हणाले. "हिला बाहेर मोकळी ठेवनं धोक्याचं हाय."