टाळावीत अशी कामे

औषधांच्या बाटल्यांवर चिकटवायची लेबलं आमच्या छापखान्यात छापली जातात. छपाई सुरू होण्याआधी पहिला नमुना आमच्या खोलीत येतो. तो दोघींनी वेगवेगळा वाचायचा, औषध कंपनीच्या मूळ प्रतीशी अक्षर न् अक्षर ताडून पाहायचा आणि खाली दोघींनी सह्या करायच्या. मगच यंत्र सुरू. मी हे काम बावीस वर्षं करत आले होते. माझ्या समोरच्या टेबलावर दीड वर्षापूर्वी जी मुलगी आली, तिला सगळे भिंगरी म्हणत. नाव अगदी शोभायचं. ती वाचता वाचता उठायची, खिडकीशी जायची, स्वतःशीच पुटपुटायची, मध्येच हसायची. मला ते खटकायचं, पण मी बोलत नसे.

एकदा मालकांनी बाहेरून एक बाई बोलावल्या. त्या सगळ्यांची स्वभाव चाचणी घेणार होत्या. नव्वद प्रश्न होते. अनोळखी माणसांत रमता का, हातातलं काम टाकून दुसरं सुरू करावंसं वाटतं का, असले. आठवड्याने प्रत्येकाला पाकीट मिळालं. माझ्यात लिहिलं होतं, ‘शांत, काटेकोर. सध्याचे काम अत्यंत योग्य.’ घरी वाचून दाखवलं तर हे म्हणाले, “एवढं सांगायला बाहेरून बाई कशाला हवी होती?”

भिंगरीने तिचं पाकीट खोलीतच फोडलं आणि खुर्चीवर उभी राहून वाचलं, “उत्साही! कल्पक! माणसांत रमणारी! योग्य कामे, नाटक, जाहिरात, शिकवणे, बातमीदारी. टाळावीत अशी कामे, तपासणी, मोजणी, बारीक नोंदी.” मग माझ्याकडे बघून खो खो हसली. “ताई, म्हणजे मी इथे रस्ता चुकून आलेय!”

आमच्या विभागाचे साहेब दारात उभे होते. ते हसले नाहीत.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला आत बोलावलं. त्यांच्या टेबलावर तिच्या कागदाची प्रत होती. “तिने सह्या केलेले सगळे नमुने काढून पुन्हा वाचा. पहिल्या दिवसापासूनचे. आणि हे आपल्या दोघांतच राहू द्या.”

त्या नमुन्यांवर माझ्याही सह्या असणार, हे तेव्हा माझ्या डोक्यातच आलं नाही. खरं सांगायचं तर साहेबांनी मला निवडलं याचं थोडं बरंच वाटलं.

मी रोज जेवणाच्या सुट्टीत मागच्या कोठीत जाऊन नमुने वाचू लागले, आणि उरलेल्या वेळात तिच्यावर नजर. एक छोटी वही केली. ‘अकरा दहा, खिडकीशी.’ ‘बारा, गुणगुणत होती.’ ‘लेबल उलटं धरलं होतं.’ पूर्वी जे नुसतं खटकायचं, ते आता पुराव्यासारखं दिसू लागलं. काही नमुन्यांवर तिने लाल शाईने गोल केलेले होते. इकडे वेलांटी, तिकडे तारीख. उगाच मिरवायची हौस, असं म्हणून मी ते बाजूला सारले.

“ताई,” ती एकदा म्हणाली, “तुम्ही हल्ली माझ्याकडे उतू जाणाऱ्या दुधाकडे बघावं तशा बघता.”

“छे गं, डोळे दुखतायत,” मी म्हटलं.

बाराव्या दिवशी मला सापडलं. लहान मुलांच्या खोकल्याचं औषध होतं. मूळ प्रतीत मात्रा होती २.५ मिली. नमुन्यात २५. मधला ठिपका गायब. खाली दोन सह्या, एक माझी, एक तिची.

मनात पहिला शब्द आला, सापडली!

मग माझ्या सहीकडे लक्ष गेलं. भिंगाखाली पुन्हा पाहिलं. भिंगरीच्या सहीचं शेवटचं अक्षर नेहमी वर उडालेलं असतं. इथे ते सरळ होतं. तारीख पाहिली. पाच आठवड्यांपूर्वीची. त्या आठवड्यात ती बहिणीच्या बाळंतपणाला गेली होती.

मला लख्ख आठवलं. यंत्रावरचा माणूस दारात घाई करत होता, “ताई, सोडा ना लवकर, सगळं खोळंबलंय.” मी नमुना एकदा वाचला होता, किंवा वाचला असं मला वाटलं होतं. मग माझी सही केली, आणि तिचीही. बावीस वर्षांत काय चुकलंय माझं, असा माझा हिशोब होता.

मी तो कागद गठ्ठ्यात परत सरकवला. कोणाला काय कळणार? कळलंच तरी दोष कोणाच्या माथी जाईल, हे तर आधीच लिहून ठेवलेलं होतं. काही सिद्ध करायचीही गरज नव्हती.

तेवढ्यात भिंगरी माझा डबा घेऊन कोठीत आली. “उपाशी राहून माझ्या चुका शोधू नका,” ती म्हणाली. माझ्या चेहऱ्याकडे बघून ती खालीच बसली. “मला माहीत आहे, ताई. यंत्रावरच्या काकांनी तुम्हाला इथे माझे नमुने वाचताना पाहिलं. तुमचा राग नाही. पण काही सापडलं तर आधी मला सांगा. तो चाचणीचा कागद आल्यापासून मलाच माझी खात्री राहिलेली नाही. बसमध्ये बसते आणि सकाळी वाचलेली लेबलं आठवत राहते.”

मी तो नमुना काढून तिच्यापुढे ठेवला. कशाला ठेवला, मला नीट सांगता येत नाही. बहुतेक तिने माझ्यावर ओरडावं म्हणून.

ती ओरडली नाही. तिने ठिपक्याची जागा बघितली, खालची सही बघितली, आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला. “लहान मुलांचं औषध,” ती म्हणाली. “मी हे कसं सोडलं?”

तिने तारीख बघितलीच नाही. आपणच चुकलो असणार, हे तिने क्षणात मान्य करून टाकलं होतं. ते मला सहन झालं नाही.

“तू नाही सोडलंस. ती सही तुझी नाही. मी केलीये.”

ती उठली, कागद माझ्या हातात दिला आणि म्हणाली, “चला, आधी फोन करायला हवा.”

मी साहेबांना सगळं सांगितलं आणि त्यांनी माझ्यासमोरच औषध कंपनीला फोन लावला. ती पंधरा मिनिटं मी उभीच होते. लेबलांची रिळं त्यांच्या गोदामातच होती, औषध भरायचं काम लांबलं होतं. एकही बाटली बाहेर गेली नव्हती. साहेब खुर्चीत मागे टेकले आणि त्यांनी मला दाराकडे हात दाखवला.

मला तीन महिने बांधणी विभागात पाठवलं. ते कमीच होतं. भिंगरीचे बाकीचे नमुने साहेबांनी स्वतः तपासले. एकही चूक निघाली नाही. उलट ते लाल गोल, ज्यांना मी मिरवणं समजत होते, त्यातले नऊ माझ्या सहीनंतर तिने पकडलेल्या चुकांचे निघाले. ती त्या गुपचूप दुरुस्त करून घ्यायची आणि मला सांगायची नाही. मला वाईट वाटेल म्हणून.

चाचणीवाल्या बाईंना पुन्हा बोलावलं, तेव्हा भिंगरीने त्यांना आपल्या शेजारी तासभर बसवलं. तिने एक लेबल आधी सरळ वाचलं, मग शेवटाकडून, मग कुरकुऱ्या म्हाताऱ्याच्या आवाजात. “एकाच आवाजात वाचलं ना, की डोळे उघडे राहून झोप लागते,” तिने समजावलं.

बाई ओशाळल्या. “कोणाला काय आवडेल, एवढंच माझी चाचणी सांगते,” त्या म्हणाल्या. “कोण काय निभावेल, हे त्यातून मलाही कळत नाही. साहेबांना हे मी आधीच बजावायला हवं होतं.”

मी परत आले तेव्हा नव्या दोन मुलींना वाचायला भिंगरीच शिकवत होती. तिने मलाही त्यांच्यात बसवलं. मला आवाज काढायची लाज वाटत होती, पण शेवटी सासूबाईंच्या आवाजात एक मलम वाचलं आणि सगळ्या पोट धरून हसल्या.

आता सगळं पूर्वीसारखं आहे. ती माझ्याशी तशीच बोलते, डबा वाटून खाते. फक्त मी सही केलेला नमुना तिच्याकडे गेला, की ती तिच्या नेहमीच्या तीन वेळा वाचते, आणि मग माझं लक्ष नाही असं बघून चौथ्यांदा वाचते. मी मान वर करत नाही.